विजेची गाडी आणि धुरकऱ्याचा हात

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या वृत्तपत्रातील वाहनविषयक पान मी गेली अनेक वर्षे नियमित वाचतो. अलीकडे या पानावर विजेवर चालणाऱ्या मोटारींची परीक्षणे वाढली आहेत आणि ते काळाला धरूनच आहे. मात्र त्या परीक्षणांतील एक गोष्ट मला सतत खटकते. गाडी शून्यावरून ताशी १०० किलोमीटरचा वेग किती सेकंदांत गाठते, हा आकडा सर्वांत आधी आणि सर्वांत ठळक दिला जातो. तो जितका लहान, तितकी ती गाडी चालवायला अधिक आनंददायक, असा निष्कर्षही त्यातून आपोआप काढला जातो. हा निष्कर्ष चुकीचा आहे असे माझे अनुभवान्ती मत झाले असून ते सविस्तर मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी चांदूर बाजार तालुक्यातील एका खेड्यात राहतो. संत्र्याची बाग आणि थोडी कपाशी-तूर एवढी माझी शेती. १९९७ साली घेतलेली मारुती ८०० दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करून मी आजही वापरतो. एवढ्यावरून मी विजेच्या गाड्यांचा विरोधक आहे असे कृपया समजू नये. किलोमीटरमागे येणारा खर्च, धुराचा अभाव आणि देखभालीतील सुटसुटीतपणा पाहता खेड्यापाड्यांतही पुढचा काळ याच गाड्यांचा आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. माझी तक्रार वेगालाच आनंद मानण्याच्या सवयीविषयी आहे आणि विजेच्या मोटारींनी ती सवय फार पक्की केली आहे.

गेल्या दिवाळीत माझा भाचा पुण्याहून आपली नवी विद्युत मोटार घेऊन गावी आला. कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण मुद्दा एका कंपनीचा नाही. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, रस्ता मोकळा असताना, त्याने मला स्टेअरिंगवर बसवले आणि म्हणाला, ‘‘मामाजी, एकदा दाबून तं पाहा.’’ मी अॅक्सिलरेटर दाबला. पाठ सीटमध्ये रुतली, मान मागे गेली, कडेच्या बाभळी एकमेकींत मिसळल्या आणि काटा ऐंशीवर आला तेव्हा मी घाबरून पाय काढून घेतला. असा जोर मी आयुष्यात कधी अनुभवला नव्हता, हे मान्य केलेच पाहिजे. दुसऱ्यांदा दाबले तेव्हा काय होणार हे शरीराला ठाऊक झाले होते. तिसऱ्या वेळी तेच झाले, चौथ्या वेळीही तसूभर वेगळे काही झाले नाही, आणि परतीच्या वाटेवर मी भाच्याशी अंबिया बहाराच्या संत्र्यांच्या भावाविषयी बोलू लागलो होतो. एवढ्या सामर्थ्यवान यंत्राविषयीचे कुतूहल अर्ध्या तासात का संपले, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या मनात घोळत आहे.

त्याचे एक कारण यंत्राच्या रचनेत आहे. विजेची मोटर जागेवरून हलतानाच आपला संपूर्ण पिळजोर, म्हणजे ज्याला आपण टॉर्क म्हणतो तो, चाकाला देऊ शकते. तिचे फेरे मिनिटाला दहा-पंधरा हजारांपर्यंत जाऊ शकतात, त्यामुळे बहुतेक विद्युत मोटारींना एकच गिअर पुरतो. पेट्रोलच्या इंजिनाचे तसे नसते. खालच्या फेऱ्यांत ते अशक्त असते, मधल्या फेऱ्यांत जोर धरते, वरच्या फेऱ्यांत ताकद देते आणि त्यापुढे दमते. म्हणून त्याला चार-पाच गिअर लागतात आणि कोणत्या क्षणी कोणता गिअर टाकायचा हे चालकाला ठरवावे लागते. अभियंत्याच्या दृष्टीने हा इंजिनाचा दोषच आहे आणि विजेच्या मोटरने तो दूर केला, हे खरे. परंतु तो दोष सांभाळून घेण्याचे काम चालकाकडे होते आणि ते काम चांगले जमणे यालाच आपण इतकी वर्षे गाडी चालवण्याची गोडी म्हणत आलो. दोष गेला तेव्हा ते कामही गेले.

परतवाड्याहून चिखलदऱ्याला जाणारा घाट आपल्या अनेक वाचकांच्या परिचयाचा आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवरचे हे विदर्भाचे थंड हवेचे ठिकाण गाविलगडाच्या डोंगरांत आहे आणि तिथवरचा रस्ता सागवानाच्या जंगलातून वळणे घेत चढतो. या रस्त्यावर माझी मारुती चालवताना नेमके काय घडते ते थोडे जवळून सांगतो, कारण माझा सगळा मुद्दा त्यातच आहे.

एका वळणाच्या अलीकडे गाडी तिसऱ्या गिअरमध्ये असते आणि चढ वाढू लागतो. इंजिन आता ओढत नाही, हे डोळ्यांनी काटा पाहून कळत नाही. ते आधी पायाखालच्या पत्र्याला आणि गिअरच्या दांड्यावर ठेवलेल्या तळहाताला कळते, कारण तिथे एक जाडसर थरथर सुरू होते. आवाज खर्जात उतरतो. आता दुसरा गिअर टाकायचा, पण क्लच सोडण्याआधी अॅक्सिलरेटरला अर्धा श्वासभर रेस द्यायची, म्हणजे गाडी झटका न खाता नवा गिअर उचलते. हे जमले तर आत बसलेल्या माणसाला गिअर बदलल्याचे समजतही नाही; जमले नाही तर मागच्या सीटवरच्या माणसाची मान हलते. मग वळण. पॉवर स्टेअरिंग नाही, त्यामुळे वळणात शिरताना चाक हाताला जड लागते आणि तो जडपणा म्हणजे टायरने रस्ता धरल्याची खूण असते. पावसाळ्यानंतर डोंगरावरून वाहून आलेली बारीक बजरी वळणाच्या आतल्या अंगाला पसरलेली असते. पुढचे चाक त्या बजरीवर गेले की स्टेअरिंग क्षणभर हलके होते, आणि डोक्याला कळण्याआधी हात पायाला सांगतो की जरा सोड. वळण संपताना चाक आपोआप तळहातांतून सरकत सरळ होते. या सगळ्या वेळात काटा पस्तिसाच्या पुढे गेलेला नसतो. गाडीचे इंजिन ७९६ घनसेंटिमीटरचे, ताकद चाळीस अश्वशक्तीच्या आत, चाके बारा इंची. तरीही वर पोहोचल्यावर आपण काही केले, असे समाधान मिळते. अठ्ठावीस वर्षांत हा घाट मी किती वेळा चढलो याची गणती नाही, पण तो कधी कंटाळवाणा वाटला नाही, कारण तो दोनदा सारखा चढता येत नाही.

भाच्याची गाडी हाच घाट निःशब्दपणे चढून गेली. वळणावर ना ती झुकली, ना डगमगली, ना तिने काही विचारले. उतरताना तर तिने एक गोष्ट केली जी माझ्या मारुतीला कधीच जमणार नाही: उताराचा जोर परत विजेत बदलून बॅटरी थोडी भरून घेतली. याचे मला मनापासून कौतुक वाटले. वृद्ध आईवडिलांना घेऊन चिखलदऱ्याला जायचे असेल तर मी तीच गाडी निवडेन.

इथे मला माझ्या वडिलांच्या काळातील एक गोष्ट आठवते. परतवाड्याच्या बाजारातून बंडी रात्री परत निघाली की गावची वाट लागल्यावर वडील कासरा सैल सोडून कडब्यावर आडवे होत. बैल जुने होते, वाट त्यांना पाठ होती. ते घरासमोर येऊन थांबत तेव्हा आजी कंदील घेऊन बाहेर येई आणि वडिलांना हाक मारून उठवी. हे फार मोठे सुख होते आणि दिवसभराच्या थकव्यानंतर त्यांना ते मिळालेच पाहिजे होते. पण वडिलांनी त्या प्रवासाला कधी बंडी हाकणे म्हटले नाही. ते म्हणत, ‘‘बैलांनी आणलं.’’ हाकणे हा शब्द त्यांनी शंकरपटासाठी राखून ठेवला होता.

शंकरपट हा आपल्या विदर्भाचा बैलजोड्यांच्या शर्यतीचा जुना खेळ. आमच्याच जिल्ह्यातील तळेगाव दशासरचा पट नावाजलेला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा शर्यतींवर बंदी घातली होती. पुढे राज्याने कायद्यात दुरुस्ती केली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली, हे वाचकांना माहीत आहेच. पटात वेगच मोजला जातो, घडीवर सेकंदाचे भाग मोजून निकाल लागतो, त्यामुळे ‘वेग महत्त्वाचा नाही’ असे म्हणणे मला शक्य नाही. पण दाणीच्या, म्हणजे जोडी धावते त्या पट्टीच्या, कडेला पहाटेपासून उभी असणारी माणसे काय पाहायला येतात, याचा विचार करावा. त्याच शेतातून एखादी साधी मोटरसायकल त्या जोडीपेक्षा वेगाने सहज जाईल, आणि ती पाहायला कोणी थांबणार नाही. जोडी सुटते तेव्हा लोकांचे डोळे धुरकऱ्याच्या, म्हणजे जोडी हाकणाऱ्याच्या, हातावर असतात: कासरा कुठे ताणला, कुठे सोडला, डावा बैल बाहेर ओढू लागला तेव्हा त्याला कसे सरळ आणले. संध्याकाळी लिंबाखाली बसून लोक याचीच चर्चा करतात. घडीवरचा आकडा त्या हातातून आलेला असतो, म्हणून त्याला मोल असते. भाच्याच्या गाडीने जो आकडा दाखवला तो माझ्या हातातून किंवा पायातून आलेला नव्हता. माझ्या जागी पहिल्यांदाच गाडीत बसलेला मुलगा असता आणि त्याने पाय दाबला असता, तरी आकडा तोच आला असता.

जपानच्या माझदा कंपनीने १९८९ साली एमएक्स-५ नावाची दोन आसनांची, उघड्या टपाची छोटी गाडी काढली. ती भारतात अधिकृतपणे कधी विकली गेली नाही, पण जगभर चालकांची गाडी म्हणून तिचे नाव घेतले जाते आणि २०१६ पर्यंत अशा दहा लाख गाड्या तयार झाल्या. पहिल्या पिढीतील ही गाडी जेमतेम टनभर वजनाची होती, इंजिन १.६ लिटरचे होते आणि शून्य ते शंभरला तिला आठ-नऊ सेकंद लागत. आजच्या कितीतरी घरगुती विद्युत मोटारी तिला सिग्नलवर मागे टाकतील. तिच्या अभियंत्यांनी आपल्यापुढे जे तत्त्व ठेवले होते त्याचे नाव ‘जिनबा इत्ताई’, म्हणजे घोडा आणि स्वार यांचे एक होणे. धुरकरी आणि जोडी यांविषयी आपण जे म्हणतो ते याहून वेगळे नाही.

आता वजनाकडे येतो, कारण माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. महिंद्राची बीई ६ ही आपल्या देशात घडलेली, अभिमान वाटावा अशी गाडी नोव्हेंबर २०२४ मध्ये आली. तिच्या मोठ्या, ७९ किलोवॉट-तासांच्या बॅटरीच्या प्रकारात २८६ अश्वशक्ती आहे आणि ती सात सेकंदांच्या आत शंभरचा वेग गाठते. त्याही पलीकडे, अमेरिकेतील टेस्लाच्या मॉडेल एस प्लेडसारख्या गाड्या हाच वेग दोन सेकंदांच्या आसपास गाठतात आणि त्यांची ताकद हजार अश्वशक्तीच्या पुढे आहे. परंतु या सर्व गाड्यांचे वजन दोन टनांच्या आसपास किंवा त्याहून जास्त असते. इतक्या क्षमतेच्या बॅटरीचेच वजन चार-पाचशे किलो भरते. माझी अख्खी मारुती साडेसहाशे किलोंची आहे. वजन वाढले की ते पेलायला रुंद टायर लागतात, मोठे ब्रेक लागतात, टणक स्प्रिंगा लागतात, आणि स्टेअरिंगला विजेची भरपूर मदत द्यावी लागते. ती मदत इतकी होते की टायर आणि रस्ता यांच्यात काय चालले आहे याची बातमी हातापर्यंत येईपर्यंत पुसट होऊन जाते. ब्रेकचेही तसेच आहे. अनेक विद्युत मोटारींत पायाखालचे पेडल थेट ब्रेक दाबत नाही; मोटरकडून किती रोधायचे आणि चकतीवर किती दाबायचे याचा हिशेब संगणक करतो. गाडी उत्तम थांबते, पण पायाला चाकाची खबर लागत नाही.

बॅटरी तळाशी असल्यामुळे गाडीचा गुरुत्वमध्य खाली जातो आणि ती वळणावर घट्ट बसते, हा लाभ खरा आहे व सुरक्षिततेच्या दृष्टीने मोठाही आहे. पण याच लाभामुळे गाडीची सीमा, म्हणजे जिथे टायर सुटू लागतात आणि चालकाला कौशल्य लागते ती जागा, इतक्या वरच्या वेगावर जाते की सार्वजनिक रस्त्यावर तिथवर कोणी जाऊ नये. हलक्या गाडीत चाळिसाच्या वेगाला जे जाणवते ते या गाडीत जाणवण्यासाठी त्याहून बऱ्याच जास्त वेगाने वळण घ्यावे लागेल. आमच्या रस्त्यांवर ते गुन्हा ठरेल. काळ्या जमिनीवरून गेलेले आमचे रस्ते कसे असतात हे पुण्या-मुंबईच्या वाचकांना सांगितले पाहिजे: ही माती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात सुकून भेगाळते, त्यामुळे तिच्यावरचे डांबर काही वर्षांत लाटांसारखे वर-खाली होते. अशा रस्त्यावर, समोरून कपाशीने भरलेली बंडी येत असताना, सहा सेकंदांत शंभर गाठण्याची क्षमता कोणत्या कामाची?

ज्या रस्त्यावर ती क्षमता कामाची वाटेल असा समृद्धी महामार्ग आमच्या जिल्ह्यातून जातो. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि जून २०२५ मध्ये शेवटचा टप्पा सुरू होऊन ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग वाहता झाला. सपाट भागात मोटारींना तिथे ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. वेगवान विद्युत मोटार हा वेग पाच-सात सेकंदांत गाठेल. त्यानंतरचे जवळपास सहा तास तो फक्त राखायचा आहे. आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारे जे इंद्रिय आहे त्याला स्थिर वेग कळत नाही, केवळ वेगातील बदल कळतो. म्हणूनच १२० च्या स्थिर वेगात, बंद काचांच्या शांततेत, शरीराला आपण जागेवर बसलो आहोत असेच वाटू लागते. सरळ रस्त्यावर चालकाला लागणाऱ्या गुंगीविषयी आपल्याच वृत्तपत्रात अनेकदा लिहून आले आहे. हाताला आणि पायाला काही काम उरले नाही की मन भटकते, हे मला इथे जास्त महत्त्वाचे वाटते.

याच ओघात आवाजाविषयीही लिहिणे भाग आहे, कारण विद्युत मोटारींविषयी नाराजी असणारे बहुतेक जण इंजिनाच्या गर्जनेची आठवण काढतात. माझी त्यांच्याशी सहमती नाही. मेळघाटातून सेमाडोहकडे जाताना गाडीचा आवाज नसणे हे वरदान आहे. वाघ-अस्वलांच्या त्या जंगलात आपण जितके कमी ऐकू येऊ तितके बरे. मला जुन्या आवाजाची किंमत वाटते ती संगीत म्हणून नव्हे, खबर म्हणून. त्यावरून इंजिनाचे फेरे, चढाचा भार आणि गिअर बदलण्याची वेळ कळत असे. महिंद्राने आपल्या नव्या विद्युत मोटारींसाठी ए. आर. रहमान यांच्याकडून ध्वनी तयार करून घेतले आहेत. ते कानाला गोड असतील, पण स्पीकरमधून आलेला आवाज चढावर चाकाला किती जड जाते आहे हे मला सांगणार नाही.

दक्षिण कोरियाच्या ह्युंदाईने २०२३ साली आणलेल्या आयोनिक ५ एन या गाडीतला प्रयोग मला अधिक बोलका वाटतो. सहाशेहून अधिक अश्वशक्तीच्या या विद्युत मोटारीत खरे गिअर नाहीत, तरी चालकाला हवे असल्यास ती आठ गिअर असल्यासारखी वागते: बदलताना झटका देते, फेरे ठरावीक मर्यादेला पोहोचले की पुढे ओढायचे थांबते, आणि चुकीचा गिअर ठेवला तर सुस्त होते. अनेक परीक्षकांना ती खोटी रचना आवडली. मी त्यावर बराच विचार केला, आणि मला वाटते की ती आवडण्याचे कारण गिअर खरे आहेत की खोटे यात नाही. त्या गाडीने चालकाला चूक करण्याची मुभा परत दिली. जिथे चूक शक्य असते तिथेच बरोबर करण्याचे समाधान असते. गाडीला इतके वेगवान बनवणाऱ्या अभियंत्यांनाच तिला काही क्षण मंद करून दाखवण्याची गरज भासली, यावरून काय हरवले आहे याची जाणीव त्यांनाही आहे, असे दिसते.

या चुकांच्या प्रश्नाला एक गंभीर बाजू आहे. माझी मुलगी याच मारुतीवर गाडी शिकली. बागेच्या बांधाजवळच्या चढावर हाफ क्लचवर गाडी धरून ठेवायला तिला पंधरा दिवस लागले. गाडी बंद पडे, मागे सरके, गिअर करकरे. या सगळ्या चुका लहान होत्या, ताशी पाच-दहा किलोमीटरच्या होत्या, आणि प्रत्येक चुकीने तिला काही शिकवले. वेगवान विद्युत मोटारीत अशा लहान चुका उरतच नाहीत. क्लच नाही, गिअर नाही, गाडी बंद पडत नाही, चाक घसरू लागले तर संगणक क्षणाच्या हजाराव्या भागात ते सावरतो. जी एकच चूक उरते ती मोठी असते: गरजेपेक्षा जास्त पाय दाबणे. पेट्रोलची गाडी वेग वाढवताना आवाजाने, थरथरीने, कष्टाने आधी सूचना देते. इथे वेग सूचना न देता येतो. नुकताच परवाना मिळालेल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाच्या पायाखाली तीनशे अश्वशक्ती देताना आणि त्या आकड्याची जाहिरात ‘मजा’ म्हणून करताना याचा विचार व्हावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. शेळ्या, शाळेतली मुले आणि रस्त्यावर वाळत घातलेली तूर, हे सगळे आमच्याकडे एकाच वळणामागे असू शकते.

सारा दोष विजेचा आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. आजच्या पेट्रोल-डिझेलच्या गाड्याही वर्षागणिक जड, उंच आणि मुक्या होत चालल्या आहेत. ऑटोमॅटिक गिअरची, विजेच्या मदतीच्या स्टेअरिंगची आणि पाच-सहा पडद्यांची एखादी डिझेल गाडी चालवताना मला भाच्याच्या गाडीहून फारसे वेगळे वाटले नाही. उलट, विजेची मोटर मुळात लहान, आटोपशीर आणि पायाच्या इशाऱ्याला तत्काळ उत्तर देणारी असते. अॅक्सिलरेटर किंचित दाबला तर किंचित, अधिक दाबला तर अधिक, असे इतके नेमके उत्तर माझ्या मारुतीच्या कार्बोरेटरने कधी दिले नाही. अशी मोटर हजार किलोंच्या आतल्या गाडीत, अरुंद टायरांवर, मागच्या चाकांना जोडून आणि मदत न घेणाऱ्या स्टेअरिंगसह बसवली, तर ती गाडी आनंदाची होणार नाही असे मला वाटत नाही. बंगळुरूच्या रेवाने २००१ सालीच लहान आणि हलकी विद्युत मोटार आपल्या रस्त्यावर आणली होती. तिच्यात ताकद नव्हती आणि बॅटरी शिसे-आम्लाची होती, पण हलकेपणाची ती दिशा आपल्याला नवी नाही.

यात एक खरी अडचण आहे आणि ती मी लपवू इच्छित नाही. हलकी गाडी म्हणजे लहान बॅटरी, आणि लहान बॅटरी म्हणजे एका चार्जमध्ये कमी अंतर. आमच्यासारख्या गावांत जिथे जवळचे चार्जिंग केंद्र तालुक्याला असते आणि वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो, तिथे लोक मोठी बॅटरीच मागणार. मीही घरच्या एकुलत्या एका गाडीसाठी कदाचित तीच मागेन. पण रोज तालुक्याला जाऊन येण्याचे चाळीस-पन्नास किलोमीटर आणि महिन्यातून एकदा घाट, एवढी ज्यांची गरज आहे अशी माणसे खेड्यांत पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी तरी कोणी अशी गाडी बनवावी, आणि ती शून्य ते शंभरला बारा सेकंद घेते म्हणून तिला परीक्षणात कमी गुण मिळू नयेत.

यासाठीच संपादक महोदय, आपल्याला माझी एक विनंती आहे. आपल्या परीक्षकांनी यापुढे गाडीचे वजन किती, स्टेअरिंगमधून रस्ता किती कळतो, ब्रेकचे पेडल पायाला काय सांगते आणि ताशी चाळीस किलोमीटरला ती गाडी चालवताना कसे वाटते, हेही लिहावे. ते शून्य ते शंभरच्या आकड्याच्या आधी लिहिले तर अधिक उत्तम. परीक्षणासाठीचा रस्ता हवा असेल तर परतवाडा ते चिखलदरा आहेच. पाऊस उघडल्यावर, ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, वळणांवर बजरी असताना यावे. गाडी कोणतीही आणावी. माझी मारुती त्यांना तुलनेसाठी दिवसभर वापरता येईल. फक्त सकाळी थंड इंजिनाला चोक ओढावा लागतो आणि दुसऱ्या गिअरला थोडी सवड द्यावी लागते.

आपला,
एक वाचक
ता. चांदूर बाजार, जि. अमरावती